खर्च(२००) = ५६,००० म्हणजे नक्की काय? धंद्यातले आणि कर्जाचे आकडे वाचायची पद्धत

नववीच्या बीजगणितात 'बहुपदीची किंमत काढा' असं गणित असतं, आठवतंय का बघा. क्ष च्या जागी ३ घाला, गुणा, बेरीज करा, उत्तर लिहा, मार्क घ्या. ते उत्तर काय सांगतंय हे तिथे कुणी विचारत नाही कारण ते काहीच सांगत नसतं, नुसता क्ष असतो. पण हाच प्रकार पुढे धंद्यात येतो, होम लोनमध्ये येतो, टॅक्समध्ये येतो, आणि तिथे उत्तर काढणं सोपं असतं (मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहे) पण आलेला आकडा वाचता येत नाही म्हणून माणसं पैसे घालवतात. आणि आपल्याकडे 'किंमत' हा शब्दच दोन अर्थाने येतो, फंक्शनमधून (म्हणजे आत एक आकडा घातला की बाहेर एक आकडा देणारं सूत्र) बाहेर पडलेल्या आकड्यालाही किंमत आणि दुकानात चकलीच्या पाकिटावर लिहिलेली पण किंमतच. म्हणून या लेखात मी बाजारातल्या किमतीला 'भाव' म्हणते आणि फंक्शनच्या उत्तराला 'आकडा' म्हणते, म्हणजे घोळ नको.

मी छोट्या धंद्यांच्या हिशोबाच्या वह्या बघते. त्यातली एक वही आमच्या जाऊबाईंची. त्या चकली करून विकतात, वर्षभर थोडी आणि दिवाळीला खूप. वहीच्या कडा तेलाने पारदर्शक झाल्यात, आणि एका पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून भोवती गोल केला होता: '२०० – २८०'. म्हणजे २०० किलो केली की किलोला २८० पडते. या एका गोलामुळे त्यांनी २६० च्या भावाने ५० किलो मागणाऱ्या दुकानदाराला तीन वेळा नाही म्हटलं. आकडा बरोबर होता, वाचला चुकीचा होता. कसा ते खाली येतंय, आधी मांडणी बघा.

महिन्याचा ठरलेला खर्च: गाळ्याचं भाडं ८,०००, मदतीला येणाऱ्या ताईंचा पगार ९,०००, वीज-फोन १,०००. एकूण १८,०००. हा खर्च चकली एक किलो केली तरी आणि नाही केली तरी आहेच. आणि किलोमागे भाजणी, तेल, गॅस, पिशवी-लेबल मिळून १९० रुपये. विकतात ३४० रुपये किलोने. मग

खर्च(क्ष) = १८,००० + १९०क्ष
विक्री(क्ष) = ३४०क्ष
नफा(क्ष) = १५०क्ष − १८,०००

क्ष म्हणजे महिन्यात केलेली आणि विकलेली किलो. पुस्तकात एफ ऑफ एक्स लिहितात तेच हे, फक्त एफ च्या जागी मी सरळ मराठी नाव दिलंय. तुम्ही पण असंच करा, कारण नाव बोलकं असलं की अर्धा अर्थ तिथेच लागतो. 'खर्च' शब्दाला कंस जोडला आहे म्हणजे गुणाकार नाही हं, शाळेच्या सवयीने पुष्कळ जण खर्च गुणिले २०० असं वाचतात. कंसात घातलेली गोष्ट म्हणजे आत काय टाकलं, आणि बरोबरच्या चिन्हापुढे बाहेर काय आलं.

पायरी १: आकडा दिसला की पूर्ण वाक्य लिहा

खर्च(२००) = ५६,०००. आता हे तोंडाने म्हणून बघा. 'दोनशेला छप्पन्न हजार' असं म्हणालात तर काहीच कळलं नाही. पूर्ण वाक्य असं: 'एका महिन्यात २०० किलो चकली करायला एकूण ५६,००० रुपये लागतात.' यात चार गोष्टी आल्या, आत काय गेलं (२०० किलो), बाहेर काय आलं (रुपये), कुठल्या काळाचं (एक महिना), आणि एकूण की किलोमागे (एकूण). चारातली एक जरी राहिली तरी तो आकडा पुढे चुकीच्या जागी वापरला जाणारच, हे मी इतक्या वह्यांमध्ये बघितलंय की आता कुणी नुसता आकडा सांगितला की मी आधी हे चार प्रश्न विचारते.

नफा(२००) = १२,००० चं वाक्य तुम्ही करून बघा. महिन्याला २०० किलो करून विकली तर खर्च जाऊन १२,००० उरतात. बरोबर. पण इथे मला थांबून एक सांगायचंय आणि ते मनापासून सांगतेय. वरच्या खर्चात जाऊबाईंची स्वतःची मजुरी कुठे आहे? नाहीये. सकाळी सहापासून सोऱ्या फिरवणारी बाई त्या हिशोबात फुकट धरलीय. म्हणजे तो १२,००० नफा नाहीच, ती त्यांची मजुरी आहे, २६ दिवस काम धरलं तर दिवसाला साधारण ४६० रुपये. घरगुती धंदा करणाऱ्या बायकांच्या जवळजवळ प्रत्येक वहीत हेच असतं. फंक्शन तुम्ही जे आत घातलं तेवढंच मोजतं, जे घातलंच नाही त्याबद्दल ते गप्प बसतं, म्हणून आकडा वाचताना 'यात काय काय धरलंय' हा पाचवा प्रश्न पण विचारा.

पायरी २: एकक आणि काळ

हे पटकन सांगते. कंपन्यांचे निकाल पेपरात छापून येतात, त्या तक्त्याच्या वर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रुपये लाखांत' किंवा 'रुपये कोटींत' लिहिलेलं असतं. तिथे ३२० दिसलं तर ते लाखांत ३ कोटी २० लाख होतं आणि कोटींत ३२० कोटी. शंभर पटीचा फरक. तसंच एक कॉलम तिमाहीचा आणि शेजारचा पूर्ण वर्षाचा असतो, त्यांची आपसात तुलना करून 'नफा चौथ्या भागावर आला' असं म्हणू नका.

टक्क्यांचं पण तसंच. कर्जाचा दर ९ वरून ८.५ वर आला तर तो 'अर्धा टक्का' उतरला असं आपण म्हणतो, त्यालाच बँकवाले ५० बेसिस पॉइंट म्हणतात. पण ९ च्या मानाने ती घट साडेपाच टक्क्यांची आहे. दोन्ही खरं आहे, फक्त कशाचे टक्के ते बोलताना सांगा.

पायरी ३: आत शून्य घालून बघा

कुठलंही फंक्शन हातात आलं की मी पहिलं काम हे करते. खर्च(०) = १८,०००, म्हणजे महिनाभर कढई चढवलीच नाही तरी १८,००० जाणार. नफा(०) = −१८,०००, तेच दुसऱ्या बाजूने. पितृपक्षात आणि मे महिन्यात ऑर्डरी बसतात तेव्हा हाच आकडा डोळ्यासमोर पाहिजे, कारण तेवढे पैसे आधीच बाजूला असले पाहिजेत.

एफडीमध्ये रक्कम(०) म्हणजे आज ठेवलेलं मुद्दल. कर्जात बाकी(०) म्हणजे उचललेली रक्कम. रिक्षाच्या मीटरला मात्र शून्याजवळ वेगळंच असतं, मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ ला पहिल्या दीड किलोमीटरचं किमान भाडं २६ रुपये झालं, म्हणजे भाडं(०.५) पण २६ आणि भाडं(१.५) पण २६. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी ४: बाहेर शून्य कधी येतं, वजा कधी येतं

पायरी ३ मध्ये शून्य आत घातलं होतं, आता बाहेर शून्य यायला पाहिजे. दोन्ही वेगळे प्रश्न आहेत आणि परीक्षेत काय, धंद्यात काय, लोक हेच उलटं करतात.

१५०क्ष − १८,००० = ० म्हणजे क्ष = १२०. नफा(१२०) = ०, महिन्याला १२० किलो गेली की ना नफा ना तोटा, ब्रेक ईव्हन म्हणतात ते हेच. 'नफा शून्य' म्हणजे 'विक्री शून्य' नव्हे, विक्री(१२०) तर ४०,८०० आहे, गल्ल्यात नोटा दिसतायत, पण तितक्याच बाहेर जातायत. आणि नफा(१००) = −३,०००. इथे वजाचं चिन्ह बघून गणित चुकलं समजून खोडायचं नाही, १०० किलोला ३,००० खिशातून गेले असं ते वाक्य आहे. वाक्यात लिहिताना मात्र 'वजा तीन हजार तोटा' म्हणू नका, तोटा म्हटलं की वजा त्यात आलाच.

दिवसाचं करून घ्या, ते जास्त उपयोगी पडतं. १२० किलो भागिले २६ दिवस म्हणजे दिवसाला ४.६ किलो. जाऊबाईंनी आता भिंतीवर खडूने '५' लिहून ठेवलंय.

पायरी ५: एकूण, सरासरी आणि पुढचा एक किलो

माझ्या मते सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सरासरी म्हणजे एकूण खर्च भागिले किलो.

खर्च(१००) = ३७,०००, किलोमागे ३७०
खर्च(१५०) = ४६,५००, किलोमागे ३१०
खर्च(२००) = ५६,०००, किलोमागे २८०

बघा, एकूण वाढतंय आणि किलोमागे उतरतंय, दोन्ही एकाच वेळी. कारण ते १८,००० जास्त किलोंवर वाटले जातायत. आणि १०० किलोला चकली ३७० ला पडते आणि विकतोय ३४० ला, म्हणून तिथे तोटा, पायरी ४ शी ताळा जमला.

आता तो वहीतला गोल. २०० किलोला २८० पडते हे खरं. दुकानदार म्हणतो २६० ने ५० किलो द्या. जाऊबाई म्हणतात, मला २८० ला पडते मी २६० ला का देऊ, किलोला २० रुपये तोटा, ५० किलोला हजार रुपये गेले. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मला पण क्षणभर पटलं होतं. पण विचार असा करा की त्यांची नेहमीची २०० किलो तर ठरलेलीच आहे, भाडं भरलंय, पगार दिलाय. प्रश्न फक्त वरच्या ५० किलोंचा आहे. मग बघायचा आकडा हा नाही की खर्च(२००) भागिले २००, बघायचं ते खर्च(२५०) − खर्च(२००).

खर्च(२५०) = ६५,५००. वजा ५६,०००. राहिले ९,५००. म्हणजे या ५० किलोंना प्रत्यक्षात १९० च्या हिशोबाने खर्च येतो. दुकानदार देणार ५० × २६० = १३,०००. उरले ३,५००. हजाराचा तोटा समजून साडेतीन हजार तीन वेळा परत पाठवले.

दोन आकड्यांची वजाबाकी वाचायची पण वाक्य करून वाचा: 'महिन्याला २०० च्या ऐवजी २५० किलो केली तर ९,५०० जास्त लागतील.' 'जास्त' हा शब्द त्या वाक्यात आलाच पाहिजे. पुस्तकात याला सीमांत खर्च म्हणतात, मार्जिनल कॉस्ट, पण मला 'पुढच्या किलोचा खर्च' हेच जास्त आवडतं कारण ते ऐकल्या ऐकल्या कळतं.

याचा अर्थ १९० च्या वर कुणीही काहीही दिलं तरी हो म्हणा असा नाही. रोजचं ३४० वालं गिऱ्हाईक उद्या त्याच दुकानातून स्वस्तात घ्यायला लागलं तर तुमची २०० ची २०० राहणार नाही आणि मग वरचा सगळा हिशोब कोसळतो. जाऊबाईंनी शेवटी त्या दुकानदाराला दुसऱ्या लेबलने, अर्ध्या किलोच्या साध्या पिशवीत दिली, आणि तो दुकानदार शेजारच्या गावातला होता म्हणून जमलं.

पायरी ६: उलटं जाणं

बाहेरचा आकडा माहीत आहे, आतला शोधायचाय. 'महिन्याला १५,००० सुटले पाहिजेत, किती किलो करू?' १५०क्ष − १८,००० = १५,०००, क्ष = २२०. नफा(२२०) = १५,०००. म्हणजे नफा(१५,०००) काढायचं नाही हं! कंसात नेहमी किलो जातात, रुपये नाही. नफा(१५,०००) म्हणजे पंधरा हजार किलो चकलीवरचा नफा, आणि ते उत्तर २२ लाख ३२ हजार येतं, ते बघून तरी कळावं की काहीतरी बिनसलंय.

आणि उलटं जाणं नेहमी एकच उत्तर देईल असं नाही. रिक्षाचं २६ रुपये भाडं झालं, किती अंतर गेलात? सांगता येत नाही, अर्धा किलोमीटर असेल किंवा दीड.

पायरी ७: सूत्र कुठपर्यंत चालतं

सूत्रात काहीही घाला, ते उत्तर देतंच, त्याला लाज नसते. क्ष = −४० घाला, खर्च येईल. क्ष = ५,००० घाला, नफा ७ लाख ३२ हजार येईल. पण एक मदतनीस आणि एक कढई यात महिन्याला २५० किलोच्या वर होत नाही. त्यापुढे दुसरी ताई लागते, आणखी ९,०००. म्हणजे २५० पर्यंत जुनं सूत्र आणि २५० च्या वर

खर्च(क्ष) = २७,००० + १९०क्ष
नफा(क्ष) = १५०क्ष − २७,०००

(इथे सगळी चकली ३४० नेच विकली असं धरलंय.) आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. नफा(२५०) = १९,५००. नफा(२५१) = १०,६५०. एक किलो जास्त केली आणि ८,८५० रुपये कमी झाले! परत १९,५०० वर यायला किती किलो लागतील ते पायरी ६ ने काढा, १५०क्ष = ४६,५००, क्ष = ३१०. म्हणजे २५१ ते ३०९ किलोपर्यंत तुम्ही जास्त राबताय आणि कमी कमावताय. धंदा वाढवताना माणसं नेमकी याच पट्ट्यात अडकतात, ऑर्डरी वाढल्या, धावपळ वाढली, आणि महिनाअखेरीला हातात आधीपेक्षा कमी, मग नशिबाला दोष. नशीब नसतं ते, ती पायरी असते. एकतर २५० वर थांबा नाहीतर ३१० च्या पुढची ऑर्डर हातात असेल तरच माणूस घ्या.

कंसात भाव घातला तर

आतापर्यंत आत किलो जात होते. पण धंदा करताना तुमच्या हातात किलो कुठे असतात, हातात असतो भाव, किलो गिऱ्हाईक ठरवतं. जाऊबाईंच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून मी एक ढोबळ अंदाज काढला, मागणी(भाव) = ७१० − १.५ × भाव. यावरून मागणी(३४०) = २००, मागणी(३२०) = २३०, मागणी(३६०) = १७०. वाक्य: 'भाव ३२० ठेवला तर महिन्याला अंदाजे २३० किलो जाईल.' 'अंदाजे' म्हणा, कारण हे खर्चासारखं मोजलेलं नाही, अनुभवावरून बांधलेलं आहे.

३४० ला विक्री ६८,००० आणि नफा १२,०००. ३२० ला विक्री ७३,६०० आणि नफा (१३० × २३० − १८,०००) म्हणजे ११,९००. विक्री ५,६०० ने वाढली आणि नफा शंभराने घटला, वर ३० किलो जास्त वळाव्या लागल्या ते वेगळंच. 'सेल लावला, गल्ला वाढला' हे ऐकलं की मी म्हणूनच विचारते गल्ल्याचा आकडा सांगताय की उरल्याचा. ३६० ला नफा १०,९००, तोही कमी. ३३० च्या आसपास सगळ्यात जास्त येतो, १२,१००, पण हा फरक इतका बारीक आहे की त्यासाठी लेबलं बदलू नका. आणि मागणी(६००) घालून बघा, −१९० किलो येतंय, उणे चकली कुणी विकत घेत नाही, म्हणजे सूत्र तिथे संपलं.

कर्जाचा हप्ता, आणि 'बाकी' नावाचं फंक्शन

३० लाखांचं होम लोन, ८.५ टक्के, दर महिन्याला कमी होणाऱ्या बाकीवर व्याज. कंसात वर्षं:

हप्ता(१५) = २९,५४२
हप्ता(२०) = २६,०३५
हप्ता(३०) = २३,०६७

बँकेत बसल्यावर समोरचा माणूस हाच आकडा दाखवतो आणि ३० वर्षांचा हप्ता सगळ्यात गोड दिसतो. पण हप्ता हे एक फंक्शन झालं, त्याच कंसात तेच वर्ष घालून एकूण भरणा काढा: १५ वर्षांत ५३.१८ लाख, २० वर्षांत ६२.४८ लाख, ३० वर्षांत ८३.०४ लाख. म्हणजे २० ची ३० वर्षं केल्यावर महिन्याला २,९६८ वाचतात आणि एकूण २०.५६ लाख जास्त जातात. पगार तंग असेल तर जास्त मुदत घ्यावीच लागते, त्यात चूक नाही, पण दोन्ही आकडे समोर ठेवून घ्या.

आता २० वर्षांचंच कर्ज धरा आणि कंसात महिने घाला, बाकी(महिने). बाकी(०) = ३० लाख. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि फक्त ४,७८५ मुद्दलात. बाकी(६०) साधारण २६.४४ लाख, म्हणजे पाच वर्षांत १५.६२ लाख भरले आणि कर्ज उतरलं साडेतीन लाखांनी. बाकी(१२०) साधारण २१ लाख. अर्धी मुदत झाली म्हणजे अर्धं कर्ज फिटलं असं सगळ्यांना वाटतं, पण बाकी १५ लाखांवर यायला जवळजवळ १६६ महिने लागतात, चौदा वर्षांना दोनच महिने कमी. ही फसवणूक नाहीये, सुरुवातीला बाकी मोठी म्हणून व्याज मोठं इतकंच, पण याच कारणाने जादा पैसे भरायचे असतील तर पहिल्या वर्षांतच भरावेत, त्या वेळचा रुपया जास्त व्याज कापतो.

फ्लॅट रेट हा मात्र वेगळा प्रकार आणि तो माझ्या घरी घडलाय. आम्ही एकदा टू-व्हीलरला ८०,००० चं कर्ज घेतलं, दोन वर्षं, '१२ टक्के फक्त' असं सांगून. हप्ता ४,१३३. मी पण सही करून मोकळी झाले. नंतर घरी बसून मांडलं तर व्याज सगळी दोन वर्षं पूर्ण ८०,००० वरच लावलेलं होतं, ८०,००० × १२ टक्के × २ = १९,२००. मी तर दर महिन्याला मुद्दल परत करत होते! घटत्या बाकीवर खरंच १२ टक्के असते तर हप्ता ३,७६६ आला असता आणि एकूण व्याज सुमारे १०,३८०. उलटं काढलं (पायरी ६), ४,१३३ हप्ता येण्यासाठी घटत्या बाकीवर दर किती पाहिजे, तर साधारण साडेएकवीस टक्के. दर विचारताना 'फ्लॅट की रिड्यूसिंग' हे त्याच श्वासात विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावं लागतं आणि त्यात एपीआर म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करायच्या आधी तो कागद मागून घ्या आणि तोच आकडा वाचा.

एफडी, घसारा, एनएव्ही

एक लाख, ७ टक्के, वर्षाला चक्रवाढ. रक्कम(५) = १,४०,२५५ आणि रक्कम(१०) = १,९६,७१५. (आपल्या बँका बहुधा तिमाहीला चक्रवाढ धरतात, मग पाच वर्षांचे १,४१,४७८ होतात.) इथे रक्कम(१) − रक्कम(०) = ७,००० पण रक्कम(५) − रक्कम(४) = ९,१७५, म्हणजे चकलीच्या खर्चासारखी ही सरळ रेघ नाही, पुढचं प्रत्येक वर्ष आधीच्यापेक्षा जास्त देतं. दुप्पट कधी? ढोबळ नियम असा की ७२ ला व्याजदराने भागा, इथे ७२ भागिले ७, साधारण सव्वादहा वर्षं. आणि महागाई ६ टक्के धरली तर दहा वर्षांनंतरच्या त्या १,९६,७१५ ची ताकद आजच्या सुमारे १,०९,८०० एवढीच, टॅक्स जायच्या आधी. म्हणून वाक्यात 'दहा वर्षांनंतरचे रुपये' असं म्हणायची सवय ठेवा.

घसाऱ्याचा (वस्तू जुनी होते म्हणून वहीत तिचं मूल्य दरवर्षी कमी धरतात त्याचा) आकडा तर अजूनच वेगळा वाचायचा. ६०,००० च्या कॉम्प्युटरवर आयकरात दरवर्षी उरलेल्या मूल्याच्या ४० टक्के घसारा, मूल्य(३) = १२,९६०. याचा अर्थ तो बाजारात १२,९६० ला विकला जाईल असा मुळीच नाही, वहीत तेवढा शिल्लक दाखवला जातो एवढाच.

म्युच्युअल फंडाची एनएव्ही (फंडाच्या एका हिश्शाचं, म्हणजे युनिटचं, मूल्य) २० असली म्हणजे फंड स्वस्त आणि २०० असली म्हणजे महाग, हा गैरसमज पण 'कशामागे' न विचारल्याने होतो. ती एका युनिटमागची असते. १०,००० घातले तर एकीकडे ५०० युनिट, दुसरीकडे ५०, दोन्ही दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे ११,०००च.

टॅक्स, कारण पायरी ७ तिथे दिसते

नवी करपद्धत, आर्थिक वर्ष २०२५-२६: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १०, १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५, त्यापुढे ३०. 'मी वीस टक्क्यांत गेलो' म्हणणाऱ्याला वाटतं सगळ्या उत्पन्नावर वीस. नाही. करपात्र उत्पन्न १७ लाख असेल तर कर(१७ लाख) = १,४०,००० (सेस म्हणजे करावरचा उपकर वेगळा), म्हणजे एकूणात सव्वाआठ टक्क्यांच्या आत. वीस टक्के फक्त शेवटच्या एका लाखावर. सरासरी आणि 'पुढचा रुपया', तीच पायरी ५.

१२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. मग १२ लाख १० हजारला? स्लॅबने मोजलं तर ६१,५०० येतात, म्हणजे दहा हजार जास्त कमावले म्हणून साठ हजारांच्या वर कर, आमच्या २५१ व्या किलोसारखंच. पण कायद्यात इथे मार्जिनल रिलीफ आहे, १२ लाखांच्या वर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत, म्हणून तिथे १०,०००च.

चकलीला असा मार्जिनल रिलीफ कुणी देत नाही. गेल्या दिवाळीला २८० किलोची ऑर्डर जमली तेव्हा जाऊबाईंनी वही काढली, नफा(२८०) = १५,००० लिहिलं, वर नफा(२५०) = १९,५०० लिहिलं, आणि दोन दिवस फोन करत बसल्या. एका सोसायटीतून आणि दोन ऑफिसांमधून मिळून ३४० झाली तेव्हाच दुसऱ्या ताईंना बोलावलं. नफा(३४०) = २४,०००, आणि या वेळी त्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पूर्ण वाक्य लिहिलंय, 'ऑक्टोबर महिना, ३४० किलो, दोघींचा पगार जाऊन, माझी मजुरी न धरता.'